आश्रय मागणाऱ्या मुलांची चित्रं: प्रदर्शन लावताना काय काय बघायचं?

चव्हाटगल्ली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बेळगावात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आठ दिवस प्रदर्शन लावायचं घाटतंय. विषय: युद्ध किंवा छळामुळे देश सोडलेल्या आणि दुसऱ्या देशाच्या दारात आश्रय मागणाऱ्या मुलांनी काढलेली चित्रं. बघायला येणार ती बहुतेक पाचवी ते दहावीची पोरं, खानापूर, निपाणी, चंदगडकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही माध्यमांची.

तीन भिंती मिळून साठ फूट जागा आहे. पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. अडलेले प्रश्न असे: चित्रं कुठली निवडायची, मुलांची नावं लिहायची का, आणि मुंडगोडच्या तिबेटी वसाहतीतल्या मुलांकडून काही नवी चित्रं काढून घ्यावीत असं समितीत एकांचं म्हणणं आहे, ते करावं का.

ड्रॉइंगमास्तर
आधी जागेचं गणित. ए-थ्री चित्राला चौकट आणि मोकळी जागा धरून दोन फूट लागतात. साठ फुटांत तीस बसतील असं वाटतं, पण दारं, स्विचबोर्ड आणि माहितीचे फलक वजा केले की बावीस-चोवीसच उरतात. एका रांगेतच लावा. दोन रांगा केल्या की खालची मोठ्यांना दिसत नाही आणि वरची मुलांना.

निवडीबद्दल. अशा प्रदर्शनांत एकच गफलत वारंवार होते: तारा, पिंजरे, रडणारे चेहरे असलेली चित्रं तेवढी उचलायची. मग बघणाऱ्याला वाटतं, ही मुलं दुसरं काही काढतच नाहीत. मुलाला काय विचारलं होतं, यावर चित्र ठरतं. अमेरिकेतली एकाच काळातली दोन उदाहरणं शेजारी लावा.

जुलै २०१९ मध्ये अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने तीन चित्रं प्रसिद्ध केली. टेक्ससमधल्या मॅकॲलन इथे सीमा दलाच्या ताब्यातून सुटलेल्या दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी ती काढली होती. ताब्यात असतानाचं चित्र काढा, असं त्यांना सांगितलं होतं. त्यामुळे त्यात उभ्याआडव्या जाळीमागची माणसं, पांघरुणाखाली ओळीने झोपलेल्या आकृत्या आणि शौचालयं दिसतात.

दुसरं टॉर्निओचं. टेक्ससच्या वाळवंटात किशोरवयीन मुलांसाठी तंबूंची छावणी होती, जून २०१८ ते जानेवारी २०१९. तिथल्या शिक्षकांनी आपापल्या देशाबद्दल काहीतरी बनवा म्हणून स्पर्धा घेतली. सुमारे चारशे कलाकृती झाल्या, त्यातल्या तीसेक वाचल्या आणि २०१९ मध्ये एल पासोच्या विद्यापीठाच्या संग्रहालयात मांडल्या गेल्या. त्यांत मध्य अमेरिकेतले क्वेट्झल पक्षी आहेत, गावातलं चर्च आहे, पोशाख आहेत. मुलं त्याच सीमेवरून आलेली. विचारलेलं वेगळं, म्हणून निघालेलं वेगळं.

तेव्हा प्रत्येक चित्राखाली वय, देश, साल यांच्याबरोबर 'मुलाला काय सांगितलं होतं' ही ओळ हवीच. ती माहिती मिळत नसेल तर चित्र घेऊ नका.

तिसरं_गेट
बरोबर आहे ओ मास्तर, पण डोव्हरचं राहिलं की. २०२३ ला इंग्लंडमध्ये आश्रयार्थी मुलांच्या केंद्रातल्या भिंतीवरचा मिकी माऊस मंत्र्याने रंग मारून पुसायला लावला. तो फोटो लावा, गर्दी तिथंच होईल.

ड्रॉइंगमास्तर
ते चित्र मोठ्यांनी मुलांसाठी काढलेलं, मुलांनी काढलेलं नव्हे. प्रवेशाच्या फलकावर दोन ओळी पुरे, भिंत नको.

मलप्रभाकाठ
टेरेझिन या नाझी छावणीतल्या मुलांच्या चित्रांचं काय करणार? लोक तेच आधी मागतात.

ड्रॉइंगमास्तर
टेरेझिनची मुलं आश्रय मागणारी नव्हती, नाझींनी कोंडलेली होती. मुख्य रांगेत नकोत. पण शिकवण्याची पद्धत कळायला एक वेगळा कोपरा जरूर द्या. टेरेझिनमध्ये मुलांना चित्रकला शिकवणाऱ्या फ्रीड्ल डिकर-ब्रान्डाइस बाउहाउस या जर्मन कलाशाळेत शिकलेल्या. १९३४ मध्ये त्या स्वतः व्हिएन्नाहून प्रागला पळून आल्या आणि तिथे निर्वासित कुटुंबांतल्या मुलांना चित्रकला शिकवायला लागल्या. तेव्हा त्यांच्या मदतीला असलेल्या ईडिथ क्रेमर पुढे न्यूयॉर्कला गेल्या आणि कला-उपचार या शाखेच्या पायाभरणीत त्यांचं नाव आलं. म्हणजे विषयाशी नातं आहे, फक्त ते प्रागमधून आहे.

टेरेझिनमध्ये कागद नव्हता, म्हणून कचेरीतले वापरलेले फॉर्म घेऊन कोलाज केले. ताल, पोत, जुन्या चित्रकारांच्या कृतींचा अभ्यास असे नेमके पाठ असत. तिथल्या चित्रांतली फुलं बघून 'मुलं किती आशावादी' असं लिहून टाकू नका, त्यातली काही तो पाठच होता. १९४४ च्या ऑक्टोबरात बाईंना ऑशवित्झला नेऊन मारलं. सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवलेली होती, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. प्रतीसाठी त्यांचीच लेखी परवानगी घ्या. नेटवरून उतरवून छापू नका.

समुपदेशक_निपाणी
मास्तरांच्या मुद्द्याला जोडून: चित्राचा अर्थ लावणारे फलक अजिबात नकोत. 'काळा सूर्य म्हणजे भीती', 'हात नाहीत म्हणजे असहायता' हे सगळं बाद. काळा सूर्य बऱ्याचदा पेटीत पिवळा खडू उरला नव्हता म्हणून येतो. पाच-सहा वर्षांचं मूल घराच्या भिंतीतून आतली माणसं दाखवतं, एकाच कागदावर वरून आणि समोरून असं दोन्ही काढतं. ते वयाचं लक्षण आहे, आघाताचं नव्हे. एका चित्रावरून निदान होत नाही. मुलाने स्वतः काही सांगितलं असेल तर ते त्याच्याच शब्दांत लिहा. नसेल तर जागा रिकामी ठेवा.

मुंडगोडबद्दल मी नाही म्हणेन. ती वसाहत १९६६ पासूनची. आज शाळेत जाणारी मुलं तिथेच जन्मलेली, आजी-आजोबा आलेले. त्यांना 'आश्रय मागणारी मुलं' म्हणून जाळीच्या चित्रांशेजारी उभं करणं चूक आहे. चित्रं हवीतच तर वेगळा विभाग करा, शाळेमार्फत विचारा आणि विषय त्यांना ठरवू द्या.

तिसरं_गेट
मग आपल्या ऊसतोडीच्या पोरांचं घ्या की. अथणी, चिकोडी, गोकाकला हंगामात कोप्यांत राहतात, शाळा बुडते. लांब कशाला जायचं?

समुपदेशक_निपाणी
स्वतंत्र प्रदर्शन होईल त्यावर, आणि व्हावं. पण ती मुलं पोटासाठी फिरतात, हंगाम संपला की गावी परत जातात. आश्रय मागणाऱ्याला परत जाता येत नाही, मुद्दा तोच आहे. एका भिंतीवर दोन्ही लावलं तर शाळकरी मुलांना दोन्ही कळणार नाही.

मलप्रभाकाठ
जवळचं उदाहरण हवं असेल तर वळिवडे आहे की. कोल्हापूरजवळ १९४३ ते १९४८ पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत हद्दपारीतून इराणमार्गे आलेली. छावणीत शाळा, चर्च, स्काउट पथक सगळं होतं. ते गेल्यावर तिथेच सिंधी निर्वासित वसले, आजचं गांधीनगर ते. बेळगावच्या मुलांना कोल्हापूर माहीत असतं, त्यामुळे सुरुवातीला एक नकाशा लावा: पोलंड, सायबेरिया, इराण, कराची, वळिवडे. मुलांची चित्रं नसली तरी चालेल, नकाशा पुरतो.

पुठ्ठा_कात्री
आता भिंतीचं बोला. पश्चिमेच्या भिंतीवर मूळ चित्र एकही नको. डिसेंबरात वरून कोरडी दिसते, पण आतली ओल असतेच. तिथे फक्त छापील प्रती आणि फलक. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चौकटीत दीड-दोन सेंटिमीटर हवा खेळते.

प्रती असतील तर:
– मूळ आकारातच छापा. मुलाने पोस्टकार्डाएवढ्या कागदावर काढलेलं चित्र तीन फुटांचं केलं की त्याची रेघच बदलते.
– ए-थ्री नीट छापायला किमान ३५०८ × ४९६१ पिक्सेलची फाइल लागते (३०० डीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके). व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली चालत नाही, ती आक्रसलेली असते.
– १७० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅट कागद, पाच मिलिमीटर सनबोर्डवर (हलक्या फोमच्या बोर्डवर) चिकटवून. ग्लॉसी घेतलात तर ट्यूबलाइट त्यात दिसेल आणि चित्र दिसणार नाही. फ्लेक्स तर नकोच.

मूळ चित्रं आली तर पहिला नियम, लॅमिनेशन नाही. शाळांत हौसेने करतात. मशीन शंभर अंशांच्या वर तापतं, मेणखडू साठ-पासष्टच्या आसपासच पाघळतो. रंग पसरतो आणि प्लॅस्टिक परत निघत नाही. सेलोटेप दोन-तीन वर्षांत पिवळी पडून डाग सोडते. स्टेपलची पिन आपल्याकडे एका पावसाळ्यात गंजते. फेव्हिकॉल लावला की कागद सोडवताच येत नाही.

चित्राला डिंक न लावता बसवायचं असेल तर कागदी कोपरे करा. चांगल्या जाड पांढऱ्या कागदाच्या अडीच × सात सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. पट्टी आडवी धरून मधोमधून दोन्ही टोकं खाली दुमडली की त्रिकोणी खिसा होतो. तो खिसा मागच्या पुठ्ठ्याला चिकटवा, चित्राला नाही. चित्राचा कोपरा खिशात एक मिलिमीटर मोकळा राहू द्या. घट्ट बसवलं तर हवा दमट झाल्यावर कागद फुगून मधे पोट येतं.

ऑइल पेस्टल कधी पूर्ण वाळत नाही. काच थेट टेकली तर रंग काचेला जातो. मधे तीन-चार मिलिमीटर जाडीची माउंटची खिडकी (चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट) हवी. ठेवताना दोन चित्रांमध्ये ग्लासीन (गुळगुळीत पातळ कागद), नाही मिळालं तर थोड्या दिवसांसाठी बटर पेपर. वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल दोन्ही उतरतं.

चव्हाटगल्ली
डांबराच्या गोळ्या टाकाव्यात का पेटीत? कसर लागते आमच्याकडे.

पुठ्ठा_कात्री
नको ओ. त्याची वाफ चित्रावरच स्फटिक होऊन बसते आणि पेटी उघडणाऱ्याला त्रास होतो तो वेगळाच. कसर आणि बुरशी दोन्हींचं मूळ दमटपणा. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवा, साधं डिजिटल आर्द्रतामापक पेटीत टाका. ओल शोषायला सिलिका जेल, रंग बदलणारं घ्या. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन-तीन तास तापवून परत वापरता येतं. खानापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये ते इतक्या लवकर भरतं की लक्ष ठेवायला एक माणूस नेमलेला बरा. बुरशी आलेलं चित्र दिसलं तर आधी वेगळ्या कागदी पाकिटात, प्लॅस्टिकमध्ये नाही. उन्हात टाकू नका, स्केचपेनचा रंग आधी उडतो.

उजेड पन्नास लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर नको. खिडक्यांना पडदे, चित्रावर थेट एलईडी स्पॉट नाही. मोबाइलवर लक्स मोजायचं ॲप असतं, अगदी अचूक नसलं तरी कामापुरतं चालतं.

ॲड_टिळकवाडी
कायद्याची बाजू. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, पण १९८९ च्या बालहक्क संहितेला १९९२ मध्ये मान्यता दिली. त्या संहितेत खाजगीपणाचा हक्क आहे आणि स्वतःशी संबंधित बाबींत मुलाचं मत ऐकलं जाण्याचाही आहे. म्हणून पालकाची सही पुरत नाही, मुलालाही विचारावं लागतं. आणि नको म्हणाल्यास काही बिघडणार नाही, हे आधी सांगावं लागतं.

प्रताधिकार: १९५७ च्या कायद्याप्रमाणे चित्र ज्याने काढलं तो कर्ता, वय काहीही असो. तुम्ही कागद आणि खडू दिलेत म्हणून चित्र तुमचं होत नाही. परवानगी कशासाठी ते वेगवेगळं लिहून घ्या: हॉलमध्ये लावणं, पुस्तिकेत छापणं, नेटवर टाकणं. एकाच ओळीत 'सर्व हक्क दिले' नको. ज्या भाषेत घरी बोलतात त्या भाषेत वाचून दाखवा, परत मागण्याची मुदत आणि पत्ता लिहा.

बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४: काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या किंवा पीडित, साक्षीदार असलेल्या मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'ओळख' म्हणजे फक्त नाव नाही. शाळा, पत्ता, ओळख पटेल असा कोणताही तपशील.

मलप्रभाकाठ
इथे माझी हरकत आहे. डिकर-ब्रान्डाइस बाई मुलांना प्रत्येक चित्रावर नाव घालायला लावत. ती मुलं बहुतेक मारली गेली आणि कित्येकांचं जगात उरलेलं एवढंच आहे, नाव आणि चित्र. आपण नाव खोडतो तेव्हा मुलाला 'निर्वासित क्रमांक अमुक' करून टाकतो. ऑस्ट्रेलियात बोटीने आलेल्यांना बोटीचा क्रमांक देत, आपण तेच करणार का?

ॲड_टिळकवाडी
टेरेझिनमध्ये धोका कोंडणाऱ्यांकडून होता आणि नाव पुसलं जाण्याचा होता. आज आश्रय मागणाऱ्याचा अर्ज चालू असतो, मागे राहिलेले नातेवाईक असतात. नाव आणि चित्रातला प्रसंग जुळला की त्यांना शोधता येतं.

समुपदेशक_निपाणी
दोन्ही साधतं. नोंदवही दोन ठेवायच्या. एकीत क्रमांक आणि खरं नाव, ती कुलपात, एका माणसाच्या जबाबदारीवर. दुसरीत क्रमांक, वय, देश, साल, काय सांगितलं होतं ते, आणि मुलाने स्वतः निवडलेलं नाव. भिंतीवर दुसरी. टोपणनाव मूल स्वतः निवडतं तेव्हा ते क्रमांकासारखं वाटत नाही. मोठं झाल्यावर खरं नाव लावायचं असेल तर पहिली वही आहेच.

मलप्रभाकाठ
हे पटलं. पण पहिली वही संस्था बंद पडल्यावर कुठे जाणार, हेही आधी लिहून ठेवा.

पुठ्ठा_कात्री
क्रमांक चित्राच्या मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात, टू-बी पेन्सिलने, न दाबता. बॉलपेन किंवा रबरी शिक्का पुढे उमटतो. मागची बाजूही स्कॅन करा. कागद कुठला, कसला फॉर्म, हे तिथेच कळतं. ए-फोर ६०० डीपीआयला रंगीत टिफ फाइल सुमारे शंभर एमबी होते, त्यामुळे हार्डडिस्क त्या हिशेबाने घ्या, दोन घ्या, आणि दोन वेगळ्या इमारतींत ठेवा.

ॲड_टिळकवाडी
फाइल पाठवताना एक मेख आहे. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दर्जा जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला की दर्जा राहतो पण फोटो कुठे काढला ते ठिकाणही आत राहतं. मोबाइलने चित्र टिपताना कॅमेऱ्याचं लोकेशन आधी बंद करा. आणि चित्राच्या आत बघा: तंबूवरचा क्रमांक, बसची पाटी, टी-शर्टवर लिहिलेलं नाव, बोटीचा क्रमांक. प्रतीत ते झाका आणि झाकलंय असं खाली लिहा. मूळ चित्राला हात लावायचा नाही.

मुलांची चित्रं पुरावा म्हणूनही वापरली जातात. २००७ मध्ये चाडमधल्या छावण्यांत सुदानच्या दारफुर भागातून पळून आलेल्या मुलांची सुमारे पाचशे चित्रं वेजिंग पीस या संस्थेने गोळा केली आणि आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने ती दारफुरमधल्या हल्ल्यांच्या पार्श्वभूमीचा पुरावा म्हणून स्वीकारली. कोणी, कधी, कुणासमोर, काय विचारल्यावर काढलं याची नोंद असेल तरच असं चित्र तिथवर उभं राहतं.

चव्हाटगल्ली
समितीला मुंडगोडचं पटवतो. पण बघायला येणाऱ्या शाळांच्या मुलांनाच शेवटी चित्र काढायला बसवायचं, असं ठरू शकतं. त्याचं सामान आणि पद्धत सांगाल का? वीसची तुकडी, दीड तास.

समुपदेशक_निपाणी
'तुम्ही निर्वासित आहात असं समजून चित्र काढा' हा विषय देऊ नका. खोटी तारेची कुंपणं निघतात, आणि तुकडीत खरंच घर सोडून आलेलं एखादं मूल असेल तर त्याची कोंडी होते. 'घरातून एकच वस्तू बरोबर नेता आली तर' हा तर सगळीकडे देतात आणि त्याच कारणाने वाईट आहे. 'रोज शाळेला येताना दिसणारं' किंवा 'माझी आवडती जागा' द्या. टॉर्निओच्या मुलांनी जे केलं त्याच्याशी ते सरळ जुळतं.

सहा-सात मुलांमागे एक मोठं माणूस. चित्रावर मार्क नाहीत, बक्षीस नाही. 'हे काय आहे?' असं विचारायचं नाही. 'चित्राबद्दल काही सांगायचंय का?' एवढंच, आणि नाही म्हणालं की पुढे जायचं. कोणी रक्त, मारहाण काढली तर थांबवू नका, इतरांना बोलावून दाखवू नका, फोटो काढू नका. मुलाने घरातल्या किंवा शाळेतल्या छळाबद्दल सांगितलं तर समुपदेशकाला लगेच, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक सगळ्या स्वयंसेवकांना पाठ हवा. लैंगिक अत्याचार असेल तर पॉक्सोखाली (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) कळवणं बंधनकारक आहे, 'बघू नंतर' चालत नाही.

ड्रॉइंगमास्तर
सामान वीस जणांना: ए-थ्री कार्ट्रिज १५० जीएसएमचे साठ कागद, म्हणजे माणशी तीन. पहिला बिघडतोच, आणि तिसरा आहे हे माहीत असलं की मूल मोकळेपणी काढतं. पंचवीस रंगांच्या ऑइल पेस्टलच्या दहा पेट्या, दोघांत एक. वरून काळा, पांढरा, निळा आणि तपकिरी यांचे सुटे दहा-दहा खडू. हेच आधी संपतात. तपकिरीच्या तीन छटा तरी बघा, त्वचेला एकच 'स्किन कलर' म्हणून गुलाबी खडू मुलांच्या हातात देऊ नका. टू-बी पेन्सिली चोवीस, खोडरबर पाचच. जास्त दिले की निम्मा वेळ खोडण्यात जातो. जलरंग नकोत; दीड तासात कागद वाळत नाही, आणि परत जाताना बसमध्ये एकमेकांना चिकटतात.

चित्र मुलाचं, घरी जाणार. तुम्हाला हवं असेल तर तिथेच फोटोप्रत काढा आणि विचारून ठेवा.

चव्हाटगल्ली
चित्राखालच्या चिठ्ठीचा मसुदा असा केलाय: 'वय ११. देश ग्वाटेमाला. २०१९, मॅकॲलन, टेक्सस. सांगितलं होतं: ताब्यात असतानाचं चित्र काढ. मुलाचे शब्द:' आणि पुढे कोरं. कन्नड वर, मराठी खाली, अठरा पॉइंट. उंची चित्राच्या मध्याची पाच फूट.

ड्रॉइंगमास्तर
पाच फूट मोठ्यांसाठी. पाचवीच्या मुलाला पावणेचार फूट. शाळा येणार असतील तर चार फुटांवर लावा, मोठे वाकतील. अक्षर चोवीस करा, आणि कन्नड मजकूर कन्नड माध्यमाच्या शिक्षकांकडूनच लिहून घ्या, मशीनचं भाषांतर नको. आणि 'देश' दिलात तर 'काढलं कुठे' ही ओळ वेगळी करा, नाहीतर पोरांना वाटेल मॅकॲलन ग्वाटेमालात आहे.